उजळणीवाले मामा आणि आमचा वीरभद्र

उजळणीवाले मामा देवाला हात लावण्याआधी टोपी काढायचे. टाक विस्तवावर धरताना पुटपुटायचे, "देवा, जरा चटका बसंल, सोसून घे." सोलापुरात आमच्या गल्लीतल्या देवघरांतले टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले देव, दसऱ्याआधी तेच उजळून देत. माझ्या नवरात्राच्या यादीत पहिलं काम म्हणजे मामांना निरोप.

काम संपेपर्यंत ते चहाला शिवत नसत. "आक्का, आधी देव, मग च्या," असं आईला बजावायचे. वडील गेले त्या वर्षी न बोलावता आले आणि देवघर आवरून दिलं. तेव्हापासून ते आमच्या घरचेच.

आमच्या देव्हाऱ्यात एक जाड, गोल वीरभद्र होता. डोक्यावर मुकुट, हातात तलवार, कडेला नक्षी, मागे लाख भरलेली. इतर टाक मामा लखलखीत करत, पण याला घासत नसत. "ह्यो नाजूक हाय," म्हणायचे. एका दसऱ्याला मात्र म्हणाले, "आक्का, देव कडंला भंगलाय. भंगलेला पुजत न्हाईत. नवा घडवून देतो." आईने भरल्या डोळ्यांनी जुना देव त्यांच्या ओंजळीत ठेवला.

गेल्या वर्षी नाण्यांच्या प्रदर्शनात काचेखाली तोच वीरभद्र दिसला. खाली चिठ्ठी: 'स्वीडनच्या राजाचे चांदीचे नाणे. अतिशय जुने, दुर्मीळ.' नक्षी म्हणजे अक्षरं होती. अक्षरांच्या खाचांत अजून आईची हळद होती. संग्राहक म्हणून मामांचं नाव.

तशीच त्यांच्या दुकानात गेले. "मामा, आमचा देव कुठाय?"

"तुमच्या घरी हाय की, ताई. मीच घडवला."

"आणि काचेखाली आहे ते?"

"ते नाणं." त्यांनी नजर चुकवली नाही. "पैल्याच वर्षी लाख काढली, तवाच वळखलं. आक्कांना सांगू का आता, जन्मभर परक्या राजाला हळद वाहिली म्हणून? तुमी त्यास्नी सांगा, मी नाणं आणून देतो."

मी सांगणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरात इतकी वर्षं बसून त्यांनी आम्हालाही नीट पारखलं होतं.

यंदा टाक दुसरीकडे उजळले. आईने विचारलं, "मामा का नाही आले?"

"तब्येत बरी नाही म्हणे."

तिने डब्यात पुरणपोळ्या भरल्या, वर तुपाची वाटी ठेवली.

"मग तूच नेऊन दे," म्हणाली. "आणि पाया पड त्यांच्या."