नॉइजचं मूळ आणि पहूरचे नाना

पत्रकारितेत केस पांढरे झाले की बातम्या विसरतात, संताप तेवढा शिल्लक राहतो. त्या संतापाचेच पुढे किस्से होतात. माझ्याकडे तर आता ठेवायला जागा नाही!

आमच्या जळगावच्या पेपरात मी दर रविवारी इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा लिहितो. लग्नसराईचा दणदणाट सुरू झाला, म्हणून आवाजाचे शब्द घेतले. संपादकसाहेबांनी आधीच बजावलं, "भाऊ, एका जरी जाहिरातदाराची तक्रार आली तरी सदर बंद. तिथे राशिभविष्य टाकू!"

राशिभविष्य! माझ्या जागी!

*

पहिला शब्द ऑडिटर. मूळ लॅटिन, अर्थ 'ऐकणारा'. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचले जायचे आणि हा बसून ऐकायचा.

लगेच धुळ्याच्या एका ऑडिटरचा फोन. "भाऊ, मी ऐकायलाच जातो हो! पण हिशेबाआधी शेवभाजी येते. मग वाचणाराही पेंगतो आणि मीही!"

*

मग अ‍ॅब्सर्ड. म्हणजे वेडगळ, तर्काला सोडून. त्याच्या पोटात लॅटिनमधला 'बहिरा' बसलाय. मी उदाहरण दिलं होतं, 'पाण्याच्या तक्रारीला नगरपालिकेचं उत्तर.'

साहेब पालिकेला घाबरले. छापून आलं, 'बायकोच्या हाकेला नवऱ्याचं उत्तर.'

सकाळी हिने पेपर वाचला, घडी घातली. "आता चहासुद्धा प्रेसमध्येच प्या!"

*

मायक्रोफोनवर लिहिलं, तर साक्रीच्या एका वाचनालयाने व्याख्यानाला बोलावलं. श्रोते पहिल्या दोन बाकांवरच मावले. तेवढ्यात वीज गेली.

म्हटलं, असाच बोलतो. अध्यक्ष आबा हलेनात. "माइक नही, मंग हाई कसानं भाषन?"

हार घालून मला बसवून ठेवलं. वीज आली तेव्हा आभाराची वेळ झाली होती. आभार मात्र फुल व्हॉल्यूममध्ये!

*

आणि मग नॉइज. या शब्दाचं मूळ बहुतेक जण लॅटिनमधल्या 'नॉशिया'त शोधतात. म्हणजे बोटीच्या प्रवासात होते ती मळमळ. मी लिहिलं, 'सध्याच्या वराती पाहता हे मूळ पटतं.'

सोमवारी पहूरचे नाना चार माणसं घेऊन ऑफिसात हजर. जामनेरपासून सावद्यापर्यंत लग्नात डीजे यांचाच, आणि आमच्या पेपरात सगळ्यात मोठी जाहिरातही यांचीच. हातात रविवारचा अंक.

साहेब पुटपुटले, "गेलं सदर!"

"हे लिहिनारा कोन?" नाना गरजले.

मी बाह्या सरसावल्या. "मी! आणि एक अक्षर मागे घेणार नाही!"

"मागं घ्यायले कोन सांगून राहिलं?" नानांनी अंक टेबलावर आपटला. "सावद्याच्या वरातीत नवरदेवाच्या मामाले डीजेच्या गाडीपुढेच उलटी झाली. पार्टीनं तिथंच धाकट्या पोराच्या लग्नाची ऑर्डरही आपल्याले देऊन टाकली! लोकं म्हनत, आवाजाले बेस असावा तर असा. आता तुम्ही पेपरात पुराव्यानिशी छापलं! हे सदर बंद करू नका, साहेब. माही जाहिरात त्याच्याच बाजूले लावा!"

साहेबांनी चहा मागवला. मला नाही, नानांना.

पुढच्याच आठवड्यात आमच्या गल्लीतून वरात निघाली. डीजेच्या गाडीवर नवाकोरा बोर्ड, भोवती लाल दिवे. 'नॉइज म्हणजे मळमळ! नानांची गॅरंटी!'

आणि खाली, 'शब्दार्थ सौजन्य' म्हणून, माझं नाव. फोटोसकट.