दार उघडणारा गोलकीपर

आइस हॉकीत राखीव गोलकीपरला बाकावर बसून एक काम करावं लागतं. खेळाडू बर्फावरून परतले की कठड्यातलं छोटं दार उघडायचं, ते आत आले की लावायचं. कॅनडातल्या आमच्या गावचा संघ खालच्या व्यावसायिक लीगमधला. त्याचा राखीव गोलकीपर अख्खा मोसम हेच करत होता आणि मी सामन्याऐवजी त्याच्याकडेच बघायचे. वाट बघणंही इतकं मन लावून करता येतं, हे मला त्याच्यामुळे कळलं.

अंतिम सामन्यात आम्ही एका गोलने पुढे असताना मुख्य गोलकीपरचा गुडघा दुखावला.

"अगं, दारवाल्याला पाठवतायत! गेला चषक," शेजारी बसलेली मावशी म्हणाली.

"मावशी, गप्प बस ना!" मी तिच्याशी असं कधीच बोलले नव्हते.

त्याने एकही गोल होऊ दिला नाही. शेवटचा फटका तर त्याने आडवं पडून अडवला, आणि भोंगा वाजला.

जिंकल्यावर सगळे खेळाडू रांगेने येऊन गोलकीपरच्या हेल्मेटला हेल्मेट टेकवतात. सवयीने तोही रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मग ती अख्खी रांग हसत मागे वळली आणि त्याच्याकडे आली.