श्वास ऐकणाऱ्या मॅडम

“आ करा.”

मॅडम हे कोणालाही म्हणायच्या. भाजीवाल्याला म्हणायच्या, सोसायटीच्या वॉचमनला म्हणायच्या. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्या पेढ्यांचं ताट घेऊन होणाऱ्या जावयासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आ करा.” तो बिचारा पेढ्यासाठी तोंड उघडून उभा. मॅडमनी मान वाकडी करून घशापर्यंत पाहून घेतलं, मग पेढा भरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सोपा आहे. काळजी नको.” व्याह्यांना ते मुलाच्या स्वभावाचं कौतुक वाटलं. मीही तसंच वाटू दिलं.

मॅडम भूलतज्ज्ञ होत्या. भूल दिलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते, ती बहुतेक वेळा तोंडातून, आणि त्यासाठी तोंड निदान तीन बोटं उघडावं लागतं. आयुष्यभर तेच बघितल्यामुळे त्यांना माणसांचे चेहरे दिसतच नसत. जबडे दिसत, माना दिसत.

कल्याण-डोंबिवलीत तुमचं कधी ऑपरेशन झालं असेल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असण्याची शक्यता आहे. पायाशी काळी बॅग ठेवून स्कूटरवरून एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात जाणाऱ्या, बुटक्या, खणखणीत आवाजाच्या बाई. पण तुम्हाला त्या आठवणार नाहीत. ऑपरेशन झालं की आंब्याची पेटी सर्जनच्या घरी येते. माझ्या घरी अशा बऱ्याच आल्या. त्यांतल्या निम्म्यांवर मॅडमचा हक्क होता, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. आज सांगतो, त्याचा काय उपयोग?

आमची भांडणं पुष्कळ झाली. एकदा सकाळी हर्नियाचा पेशंट टेबलावर, मी हात धुवायला निघालेला. मॅडमनी दाराबाहेर बसलेल्या त्याच्या आईला विचारलं, “आजी, याला काही खायला दिलंत?”

“नाही हो बाई, पाण्याचा थेंब नाही.”

“बरं. आणि प्रसाद कसला होता?”

“शिऱ्याचा. एवढासाच दिला.” आजींनी वाटीएवढा पंजा करून दाखवला.

भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं, माणूस दगावतो. मला हे ठाऊक होतं, तरी मी चिडलो, कारण माझी पुढची यादी कोलमडली. मॅडम शांतपणे बॅग आवरत म्हणाल्या, “देवाने घातलेलं मला काढता येत नाही. उद्या सकाळी.” आणि आजींना म्हणाल्या, “उद्याचा प्रसाद मला द्या, मी खाईन.” दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच डबाभर शिरा खाल्ला.

आता त्या दिवसाबद्दल.

कल्याणातलं माझं नर्सिंग होम पहिल्या मजल्यावर आहे, खाली दुकानं. समोरच्या चौकात दरवर्षी हंडी लागते. काही वर्षांपूर्वी ऐन गोपाळकाल्याच्या दिवशी, भर दुपारी, खडवलीकडच्या एका रिक्षावाल्याला त्याची बायको घेऊन आली. अंगदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी खाऊन खाऊन त्याच्या जठराला भोक पडलं होतं. पोट लाकडासारखं कडक. ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं म्हटलं तर सगळे रस्ते गोविंदांच्या ट्रकांनी भरलेले, आणि त्याची नाडी हाताला लागेना. मी सलाइन सुरू केलं आणि मॅडमना फोन लावला.

मॅडमनी स्कूटर पत्रीपुलाच्या अलीकडे टाकली आणि बॅग घेऊन चालत आल्या. वाटेत कोणीतरी पाणी मारलेलं, अर्धी साडी भिजलेली. आल्या आल्या पेशंटला म्हणाल्या, “आ करा.”

तो आ करेना. म्हणजे करत होता, पण वीस वर्षं गुटखा खाऊन त्याचे गाल आतून चामड्यासारखे आवळले होते. मॅडमनी बोट लावून बघितलं. “एक बोट,” त्या म्हणाल्या. “तेसुद्धा करंगळी.”

तोंडातून नळी जाणं शक्य नव्हतं. झोपवून मग नळी घालायला गेलो आणि जमलं नाही, तर तो टेबलावरच गुदमरला असता. मी म्हटलं, “गळ्याला भोक पाडू.”

“तो ट्रे उघडून ठेवा. वेळ आली तर तुम्हीच करायचंय. आधी मला नाकातून बघू दे. जागेपणी.”

दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने हे ऐकलं. “मॅडम, जागं ठेवणार त्याला?”

“थोडा वेळ. घसा बधिर करते, दुखणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “हे अवघड आहे बाई, तुझ्याशी खोटं बोलत नाही. पण हे मी पूर्वी केलंय.”

पूर्वी घशात घालायच्या दुर्बिणी नव्हत्या तेव्हा जुने भूलतज्ज्ञ हे करायचे. नाकातून नळी सरकवत न्यायची आणि तिच्या बाहेरच्या टोकाशी कान लावायचा. श्वासाचा आवाज वाढत गेला तर वाट बरोबर, कमी झाला तर चुकली. आत काही दिसत नाही, सगळी भिस्त कानावर. मॅडमनी नाकात औषध सोडलं, नळी घातली, कान लावला आणि लगेच डोकं वर केलं.

चौकातल्या डीजेने आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या.

“मला याचा श्वास ऐकू येत नाही. ते बंद करा.”

“मी?”

“तुमचे हात अजून धुतलेले नाहीत. जा.”

तर मी, पंचावन्न वर्षांचा एमएस सर्जन, हिरवे कपडे, डोक्याला टोपी, पायात रबरी चपला, अशा वेषात हंडीच्या गर्दीत शिरलो. लोकांना मी सोंग वाटलो. दोघांनी मला नाचायला ओढलं, एकाने बादली ओतली. कसाबसा स्टेजवर चढलो आणि मंडळाच्या दादाच्या कानात ओरडून सगळं सांगितलं.

“किती वेळ, डॉक्टर?”

“मॅडम म्हणतील तेवढा.”

त्याने एकदा आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि डीजेवाल्याला हात केला. गाणं तुटलं तशा शिट्ट्या सुरू झाल्या. दादाने माइक घेतला. “ए, गप रे. शिट्टी कोण मारतंय? वर एक जण मरायला टेकलाय. बाईंना त्याचा श्वास ऐकायचाय. कोणी आवाज नाय करायचा.”

खालचा थर तेव्हा नुकताच उभा राहिला होता. एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकलेले पंचवीस-तीस दांडगे गोविंदा तसेच मुकाट उभे राहिले. मी जिना चढताना मागे वळून पाहिलं, तर सगळा चौक आमच्या खिडकीकडे बघत होता.

वर पंखा, एसी बंद. मॅडम पेशंटच्या उशाशी वाकलेल्या, कान नळीला, डोळे मिटलेले. “तुम्ही फक्त श्वास घ्या,” त्या त्याला सांगत होत्या. “घ्या. सोडा. घ्या.” तो कण्हत श्वास घेई, तेव्हा त्या नळी कणभर पुढे सारत. एकदा थांबल्या, नळी मागे घेतली, त्याची मान थोडी उचलली, पुन्हा कान लावला. मी गळ्याचा ट्रे धरून उभा होतो. मला त्यांचा हेवा वाटला. इतकी वर्षं ऑपरेशनला आपणच मोठे, अशी माझी समजूत होती.

मग त्याला जोराचा खोकला आला. कण्हणं एकदम थांबलं. तो ओठ हलवत होता पण आवाज निघत नव्हता. नळी स्वरयंत्राच्या पार गेली की असंच होतं.

“आवाज गेला ना तुमचा?” मॅडम त्याला म्हणाल्या. “शाब्बास. झोपा आता.”

मॉनिटरवर श्वासाची रेघ डोंगरासारखी नीट उमटू लागली. मॅडमनी भुलीचं औषध सोडलं आणि मला म्हणाल्या, “हात धुवा. आणि खाली कळवा, झालं म्हणून. खोळंबलेत बिचारे.”

वॉर्डातल्या मावशींनी खिडकी उघडून नुसतं “झालं रे!” म्हटलं. त्यावर चौकातून जो आवाज उठला, तसा मी हंडी फुटल्यावरही कधी ऐकलेला नाही. हरभऱ्याएवढं भोक मी त्या दणदणाटात शिवलं. दहाव्या दिवशी तो रिक्षावाला चालत घरी गेला.

मॅडमना जाऊन आता वर्ष होईल.

त्या हंडीपासून मंडळाची एक रीत झाली आहे. डीजे लावण्याआधी दादा स्वतः जिना चढून येतो आणि विचारतो, “मॅडम आहेत का आत? लावू का?” यंदाही आला. मी म्हटलं, “मॅडम नाहीत रे आता. आज पेशंटही कोणी नाही. लाव.”

तो तिथेच उभा राहिला. बातमी त्याला माहीत असावी. म्हणाला, “तरी एकदा बघून या ना, डॉक्टर.”

मी आत गेलो. टेबल पुसून ठेवलेलं होतं, उशाकडचं स्टूल रिकामं. खालून एवढ्या गर्दीतूनही काही आवाज येत नव्हता. बाहेर येऊन मी त्याला सांगितलं, “लाव.”