माऊलीच्या जाळ्यातलं भोक

मीरा रोडच्या बिल्डिंगमध्ये वाढलेली मी लग्न करून समुद्रकाठच्या चौक गावी आले. बसने तासाभराचं अंतर, पण कोळ्यांच्या घरात मला धड मासाही ओळखता येईना.

गावात चर्चला देऊळच म्हणतात. आत माऊलीची, म्हणजे येशूच्या आईची, लाकडी मूर्ती आहे. फार पूर्वी ती माझ्या सासरच्याच कुणाच्या तरी जाळ्यात आली, असं सांगतात. म्हणून सणाला तिच्या पायाशी अंथरायचं नवं जाळं आमच्याच घरून जातं. ते सासूबाई विणायच्या. बारा वर्षांत त्यांनी मला त्याला बोटही लावू दिलं नाही. समोर बसून नुसतं बघायचं. मला भयंकर राग यायचा. ऑफिसात जाणाऱ्या बाईला काय गाठ मारता येत नाही?

यंदा त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. सणाच्या आदल्या सकाळी बघते, तर जाळ्यात मधोमध मूठ जाईल एवढं भोक! बिचारीला दिसलं नसेल, म्हणून मी ते गुपचूप सांधलं आणि स्वतःवरच खूश झाले.

दुपारी सासूबाईंनी जाळ्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग जाळं उलटून परत शोधलं.

"भोक ठेवायचंच इसरले गं मी. आता माझ्याच्यानं काय व्हायचं न्हाय."

रडत रडतच त्यांनी सांगितलं. माऊली सापडली त्या दिवशी समुद्रात जाळं फाटलं, सगळी मासळी निसटली आणि त्याच भोकात माऊली अडकून वर आली. म्हणून एक भोक सोडायचंच असतं; ते सगळ्यात शेवटी, एकटीनं सोडायचं, आणि देवळात ते माऊलीच्या पायाखाली झाकलं जातं. बारा वर्षांत एवढं मला कुणी सांगितलं नव्हतं.

चूक कबूल करणं माझ्या रक्तात नाही. पण त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

"आई, तुम्ही नाही विसरलात. भोक होतं. मीच सांधलं."

आता उद्धार होणार, म्हणून मी मान खाली घातली.

"म्हंजे मी ठेवलेलं?"

"हो."

त्या हसायलाच लागल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "कुठं सांधलंस, दाव."

मी बोट ठेवलं. त्यांनी तिथली एकेक गाठ चाचपली, ओढून पाहिली.

"मला तर सापडत न्हाय. कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. बघून बघून."

 त्यांनी कात्री माझ्या हातात दिली.

"काप. न् पुढल्या वर्षी पयली गाठ तू मार."