कोंबड्यांची पोलीसगाडी

आमच्या खानावळीत जेवायला आलेली मुंबईची माणसं हात धुता धुता कुंपणापलीकडे बघतात आणि हमखास विचारतात, "ती पोलिसांची जीप इथे कशी आली?" मी सांगते, सिनेमावाले टाकून गेले. मग त्यांना फोटो काढायचा असतो. इकडे ताटातलं कालवण निवत असतं आणि ही मंडळी तिकडे कोंबड्यांच्या खुराड्यासमोर दात काढत उभी. एकदा एका बाईने नलूकाकीलाच त्या जीपपुढे उभं राहून हसायला सांगितलं. काकी काही बोलली नाही, पण मी बोलले. ती माणसं परत आली नाहीत आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मी सुचिता. किहीमच्या अलीकडे आमचं गाव. माझं हे माहेरचंच घर. नवऱ्याची नोकरी अलिबागेत, म्हणून आम्ही इथेच राहिलो आणि मी खानावळ काढली. शेजारी मुंबईच्या एका शेठची नारळ-सुपारीची वाडी आहे. ती सांभाळायला गुणाजीकाका होता. तो गेल्यापासून त्याची बायको, नलूकाकी, सांभाळते. सत्तरीला टेकली असेल. अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. वाडीच्या कोपऱ्यात ती जीप. निळा रंग, त्यावर पिवळा पट्टा, दारावर 'पोलीस' ही अक्षरं, तीही आता अर्धीमुर्धी. चाकं मातीत रुतलेली. मागच्या बंद टपात कोंबड्या.

काकीची गोष्ट सांगायची तर आधी राहीची सांगायला हवी. राही तिची एकुलती एक मुलगी. माझ्याहून लहान, माझ्या फ्रॉकचं टोक धरून गावभर फिरायची. मी वैतागायचे, पण ती सोडायची नाही. आम्ही शाळेत असताना एका वर्षी आमच्या समुद्रावर सिनेमाचं शूटिंग लागलं. पोलिसांची जीप गुंडांच्या मागे वाळूतून पळणार, असा काहीतरी प्रकार होता. गाव कामधंदा टाकून सुरूच्या बनात जाऊन बसलं. त्याच दिवसांत एका दुपारी, वाडीत सुक्या झावळ्या गोळा करताना, राहीला फुरसं चावलं. फुरसं म्हणजे वीत-दीड वीत लांबीचा साप, पण घरातलं माणूस घेऊन जातो.

गुणाजीकाका सायकलवर टांग मारून आरोग्य केंद्राकडे सुटला. तिथे दवाखान्याची एक पांढरी गाडी असायची, कुशीवर लाल क्रॉस काढलेली. ती आणायची आणि पोरीला अलिबागला न्यायची, एवढंच करायचं होतं. काकी राहीला मांडीवर घेऊन रस्त्याकडे डोळे लावून बसली. काका येईचना. शेवटी माझ्या वडिलांनी बैलगाडी जुंपली. अलिबागचा रस्ता धरून थोडे पुढे गेले असतील नसतील, राहीने काकीच्या मांडीवरच जीव सोडला.

काका आला तो त्यानंतर. घामाने निथळत होता. त्याचं म्हणणं एवढंच, की केंद्रावर गाडी नव्हती. शिपाई म्हणाला, समुद्रावर नेलीय. म्हणून तो समुद्रावर गेला, सगळं शूटिंग पालथं घातलं, दिसेल त्याला विचारलं, पण गाडी तिथेही नव्हती.

आता हे कोणाला पटणार? सगळं गाव समुद्रावर होतं आणि दवाखान्याची पांढरी गाडी एकानेही बघितली नव्हती. शिपायाला विचारलं तर तो कानांवर हात ठेवून मोकळा झाला. म्हणाला, मी असं बोललोच नाही, गाडी दुरुस्तीला पनवेलला गेलीय. गुणाजीला मात्र चारचौघांनी बघितलं होतं. पोलिसांच्या जीपवर हात टेकून उभा होता, असं शपथेवर सांगणारे निघाले. झालं. पोर घरी तडफडत होती आणि बाप शूटिंग बघत राहिला, हे गावाने ठरवलं आणि नलूकाकीने मानलं.

त्या दिवसापासून काकी काकाशी बोलली नाही. लोकांना वाटलं, धरेल चार दिवस अबोला, मग येईल ताळ्यावर. सगळा जन्म गेला. नांदली त्याच्याच घरात. भाकऱ्या थापल्या, कपडे धुतले, तो तापाने फणफणला तेव्हा उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पण शब्द म्हणून नाही. दुसरं मूल झालं नाही, आणि ते का झालं नाही हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

शूटिंगची ती जीप खाऱ्या पाण्यात अडकून कायमची बंद पडली होती. सिनेमावाल्यांनी ती शेठच्या वाडीत ढकलून ठेवली, नेतो म्हणाले आणि पुन्हा फिरकले नाहीत. काकाने तिच्यात कोंबड्या ठेवल्या. मग काकीला काकाला काही सांगायचं झालं की ती कोंबड्यांना सांगायची. "कोंबड्यांनो, सांगा त्याला, भात वाढलाय." "सांगा, शेठचा निरोप आलाय, नारळ पाडायचेत." काका पडवीत बसून ऐकायचा आणि कोंबड्यांनाच उत्तर द्यायचा. लहानपणी मला ह्याचं फार हसू यायचं. माझं लग्न झालं, संसार झाला, तसं ते यायचं बंद झालं.

निसर्ग वादळात आमच्या गावाची पार दैना झाली. वाडीतलं उंडीचं जुनं झाड आडवं झालं ते थेट जीपवर. टप चेपला, एका बाजूचा पत्रा फाटला, निळ्या रंगाचे पोपडे निघाले. तेव्हा काकाही थकला होता, तरी किती दिवस त्या जीपपाशी ठाकठोक करत होता. कोंबड्यांना आसरा नको का, म्हणायचा.

एका सकाळी मी कुंपणालगत कपडे वाळत घालत होते. पलीकडून काकाची हाक आली. कोंबड्यांना नव्हे, काकीला.

"नलू, जरा हितं ये. एक दाखवायचाय."

तिचं नाव त्याच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. काकी ओटीवर तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"कोंबड्यांनो, सांगा त्याला, माझ्या हाताला काम हाय."

मग काकाने वादळात उडालेल्या छपराच्या पत्र्याचा एक तुकडा ओढत आणला, जीपच्या कुशीला लावला आणि चारही कडांनी खिळे ठोकले. नंतर त्याने कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही. पुढच्या पावसाळ्यात तो गेला. काकी रडली नाही, त्यावरून बायका बरंच काही बोलल्या. तेरावं उरकल्यावर एका संध्याकाळी ती दाणे घेऊन जीपपाशी गेली, सवयीने म्हणाली, "कोंबड्यांनो, सांगा त्याला..." आणि गप्प झाली. तेव्हापासून ती कोंबड्यांशीही बोलत नाही.

यंदाच्या थंडीत शेठचा नातू आला. ऋत्विक त्याचं नाव, तिशीचा असेल. मोठा शेठ गेला, वाडी ह्याच्या वाट्याला आली. ह्याला जुन्या गाड्यांचं वेड. इथे बंगला बांधायचा आणि दारात ही पोलीसगाडी रंगवून उभी करायची, असा बेत. पण नुसती रंगवून चालणार नव्हतं. ती कुठल्या पोलीस ठाण्याची, कुठल्या सालची, कोणी वापरलेली, हे सगळं त्याला शोधून काढायचं होतं.

"आजी, हिचं मूळ सापडलं ना, तर हिला मोल येईल," तो काकीला म्हणाला.

"शोधा," काकी म्हणाली. "सापडलं तर मला पन सांगा."

मला नवलच वाटलं. तो गेल्यावर मी विचारलं, "काकी, तुला गं कशाला हव्यात ह्या चौकश्या?"

"पोरीला सोडून त्या गाडीपाशी उभा राहिला तो," ती म्हणाली. "असं काय सोनं लागलं होतं तिला, ते मला मरायच्या आधी बघायचाय."

इतकी वर्षं झाली, पण तिचा काटा निघाला नव्हता. काका जाऊनही नव्हता. खरं सांगायचं तर मला तेव्हा तिचा राग आला. मेलेल्या माणसाला तरी सोडावं माणसाने.

दुसऱ्या दिवशी ऋत्विक जीपच्या टपात शिरला. कोंबड्या कलकलाट करत बाहेर पळाल्या. तो बऱ्याच वेळाने अंगाला पिसं चिकटवून बाहेर आला. चेहरा बुचकळ्यात पडलेला.

"पोलिसांच्या गाडीत मागे दोन्ही बाजूंना बाक असतात," तो मला म्हणाला. "इथे एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला खाली लोखंडी रूळ बसवलेत. हे कशाला असतील?"

"कोंबड्या बसतात त्यावर," मी म्हणाले. मला तेवढंच माहीत होतं.

त्याने मोबाइलवर फोटो काढून मुंबईच्या कोणा जाणकाराला पाठवले. चहा होईस्तोवर त्याचा फोन आला. ऋत्विक नुसता "काय सांगतोस, काय सांगतोस" करत होता. फोन ठेवून तो जीपभोवती फिरला आणि काकाने ठोकलेल्या पत्र्यापाशी थांबला.

"आजी, हा काढू का?"

काकी सुपात कण्या घेऊन उभी होती. तिने मान हलवली. त्याने पकडीने एकेक खिळा उपसला. खिळे गंजले होते, पण काकाने ते पक्के ठोकले होते. पत्रा खाली पडला.

पत्र्याखालचा निळा रंग कोणीतरी आधीच खरवडला होता. ताटाएवढी जागा. घाईघाईने नव्हे, कोयत्याच्या टोकाने, अगदी सावकाश, खालच्या रंगाला ओरखडा येऊ नये असा. खालचा रंग पांढरा होता. पांढऱ्यावर लाल क्रॉस. त्याखाली अक्षरं होती, पहिली गेलेली, बाकीची स्पष्ट: रोग्य केंद्र.

"घ्या," ऋत्विक हिरमुसून म्हणाला. "ही पोलिसांची नाहीच. दवाखान्याची गाडी आहे. ते रूळ स्ट्रेचर सरकवायचे. शूटिंगला पोलिसांची जीप पाहिजे असणार, कोणीतरी गुपचूप ही दिली, आणि सिनेमावाल्यांनी वरून निळा हात मारला. मग बंद पडल्यावर मागतोय कोण? मागितली तर दिली कोणी, हे विचारतील ना."

काकीने सूप खाली ठेवलं.

"निळा रंग कवा मारला म्हणालात?"

"शूटिंग सुरू व्हायच्या आधी. नाहीतर उपयोग काय?"

"म्हंजे समुद्रावर हीच होती. सगळे दिवस."

"हो, हीच."

काकी जीपकडे बघत राहिली. मला काका दिसायला लागला. शिपायाने खरं तेच सांगितलेलं. त्या खऱ्यावर विश्वास ठेवून धावत आलेला, गर्दीत पांढरी गाडी शोधणारा, दमला म्हणून मिनिटभर एका निळ्या जीपला हात टेकून उभा राहिलेला. ज्या गाडीसाठी त्याचा जीव चालला होता तिच्यावरच हात होता त्याचा. आणि तेवढं उभं राहणं गावाने त्याला मरेपर्यंत माफ केलं नाही. मला रडू आलं. त्या शिपायाला, ती गाडी देणाऱ्याला, शपथेवर सांगणाऱ्यांना, सगळ्यांना उभं करून शिव्या घालाव्यात असं वाटलं. पण त्यातलं आता आहे कोण?

"हे आधी कोणी खरवडलं?" ऋत्विकने विचारलं.

मी काकीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. त्या सकाळची हाक दोघींनी ऐकली होती. काकाने मग ते झाकून का टाकलं, हे मला नीट सांगता येणार नाही. राग आला असेल. किंवा ह्या वयात हिला कळून हिचे हाल कशाला, असंही वाटलं असेल. काका तसाच होता.

"असो," ऋत्विक हात झटकत म्हणाला. "मग हिचा काही उपयोग नाही. सोमवारी भंगारवाल्याला पाठवतो. कोंबड्यांचं तेवढं दुसरीकडे बघा आजी." तो गाडीत बसून गेला. त्याच्यावर मी रागावले नाही, त्याला काय ठाऊक.

काकी पुढे झाली. ती पडेल असं वाटून मी तिचा दंड धरला, तर तिने माझा हात बाजूला केला. खरवडलेल्या जागेपाशी ती आली. लाल क्रॉसवरून तिने बोटं फिरवली, मग अक्षरांवरून. तिला वाचता येत नाही, तरी फिरवली. कोंबड्या परतून तिच्या पायांत घुटमळत होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. पदराला हात पुसले आणि दोन्ही तळवे त्या पांढऱ्या जागेवर ठेवले.

"आले मी," ती म्हणाली. "हाताला काम न्हाय आता. दाखवा."