पहिल्या यादीतला दहावा शब्द

संघात तिला सगळे भिंत म्हणत. हे नाव पहिल्याच हंगामात चिकटलं आणि खरं नाव फक्त करारावर उरलं. बास्केटबॉलमध्ये चेंडू जाळीत टाकणारीचे फोटो छापून येतात. हिचं काम निराळं होतं. समोरची खेळाडू चेंडू घेऊन सुसाट येऊ लागली की तिच्या वाटेत जाऊन उभं राहायचं, पाय हलू द्यायचे नाहीत, तिला अंगावर घ्यायचं आणि धाडकन पाठीवर पडायचं. नियमाप्रमाणे चूक धडकणारीची, चेंडू आपला. ऐकायला सोपं वाटतं. धावत येणाऱ्या माणसासमोर डोळे उघडे ठेवून एकदा उभं राहून बघा, म्हणजे कळेल.

अकरा वर्षं तिने हेच केलं. त्यात दोनदा मनगट मोडलं, एकदा बरगडी, आणि पुढचा अर्धा दात कायमचा गेला. आई म्हणायची, "न पडता चालायला शिकवताना माझी कंबर गेली, आणि तू पडायचा पगार घेतेस!" पण घरच्या मैदानावर सामना असला की हीच आई तिसऱ्या रांगेत, मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसलेली असायची. लेक पडली की ती उठेपर्यंत आईचा जीव टांगणीला.

अकरा वर्षांत भिंत दोनदा अंतिम सामना खेळली आणि दोन्ही वेळा हरली. यंदा तिसरी संधी होती, आणि गुडघे ज्या सुरात बोलत होते त्यावरून शेवटचीच. सामना उद्या होता.

घोळ परवाच्या सामन्यात झाला. शेवटचं मिनिट चालू होतं आणि एका गुणाची आघाडी होती. समोरची सगळ्यात उंच मुलगी तिच्या छातीवर येऊन आदळली. पडताना हनुवटी छातीला लावायची, हे तिला झोपेतही जमायचं. परवा मात्र ती अर्ध्या क्षणाने चुकली आणि डोकं लाकडी मैदानावर आपटलं. शिट्टी कुठून तरी लांबून ऐकू आली. पण चेंडू मिळाला, सामना जिंकला, पोरींनी तिला उचलून नाचवलं. "लगेच उठले की मी," ती सगळ्यांना सांगत राहिली. दिवे मात्र तिला जरा जास्तच झगझगीत वाटत होते.

डोक्याला मार लागला की डॉक्टरांची चाचणी चुकत नाही. हंगाम सुरू होण्याआधी डॉक्टरीणबाई प्रत्येकीला दहा शब्द वाचून दाखवत आणि पाच मिनिटांनी विचारत. मग आकडे उलटे म्हणायचे, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. गुण कागदावर लिहून ठेवले जात. पुढे मार लागला की तीच चाचणी नव्या शब्दांनी पुन्हा. गुण घसरले की बसा घरी.

पण पोरी काही दुधखुळ्या नव्हत्या. पहिल्या चाचणीतच मुद्दाम चुकायचं, म्हणजे पुढे घसरायला जागाच उरत नाही. ही अक्कल जुन्या खेळाडू नव्यांना कपडे बदलायच्या खोलीत शिकवत. भिंतीलाही कोणीतरी शिकवली होती आणि तिने पुढे सहाजणींना शिकवली. "दहा आठवले तरी सहाच सांगायचे. आणि चुकताना कपाळाला आठ्या घालायच्या. हसलात तर मेलात."

यंदाही तिने सहाच सांगितले होते. त्या संध्याकाळी आईला फोनवर दहाही म्हणून दाखवले: चमचा, पूल, लिंबू, दोरी, घोडा, कंगवा, वाळू, पाटी, ढग, शिडी. "शाळेत एवढं पाठ केलं असतंस तर!" आई म्हणाली. पुढे मैदानाला फेऱ्या मारताना पावलांच्या तालावर तेच दहा शब्द तिच्या तोंडात बसले. एका पावलाला एक शब्द. हंगामभर हेच चाललं होतं.

डॉक्टरीणबाईंची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. पलीकडे संघाचे कपडे धुवायचं मोठं यंत्र चालू असल्यामुळे टेबलावरची पेन्सिल थरथरत होती.

"डोकं दुखतंय?"

"छे!" ती म्हणाली. सकाळपासून दुखत होतं.

बाईंनी नवे दहा शब्द सपाट आवाजात वाचले. भिंत निवांत होती. आज नाटकाची गरजच नव्हती. आठवतील तेवढे सांगायचे, सहावर थांबायचं, झालं.

"हं, पाच मिनिटं झाली. सांग आता."

"छत्री. मीठ. जिना." मग काहीच येईना. "आरसा." तिने कपाळाला हात लावला. पलीकडून साबणाचा वास येत होता. साबण यादीत होता, की नुसता नाकात? "साबण," ती चाचरत म्हणाली. बाईंनी खूण केली. बऱ्याच वेळाने टोपी सापडली. सातव्यासाठी ती मनात चाचपडत राहिली. तिथे काही नव्हतं.

आकडे पाचव्याला अडले. डोळे मिटून उभी राहिली तेव्हा पाय तीनदा खाली टेकला. बाईंनी जुना कागद शेजारी ठेवून पाहिला आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. "तेव्हा सहा, आता सहा. बाकीचंही तंतोतंत तेच. उद्या खेळ खुशाल."

दाराबाहेर आल्यावर तिच्या नीट लक्षात आलं. आज तिने एकही शब्द लपवला नव्हता. कपाळावरच्या आठ्यासुद्धा खऱ्या होत्या.

समोरून कोच लगबगीने आले. "काय म्हणाल्या बाई?"

"खेळ म्हणाल्या."

"मग काय, अर्धी लढाई जिंकलो! उद्या त्यांच्या वाटेत तूच उभं राहायचंस." तिच्या पाठीवर थाप मारून ते पुढे गेले. त्या थापेनेही डोक्यात कळ गेली.

ती तिथेच जागच्या जागी पावलं टाकू लागली. चमचा, पूल, लिंबू, दोरी. छान. घोडा, कंगवा, वाळू, पाटी, ढग. पुढचं पाऊल पडलं ते रिकामंच. तिने पहिल्यापासून सुरुवात केली. ढगापाशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तिने आईला फोन लावला.

"आई, ते माझे दहा शब्द होते ना, त्यातला शेवटचा कोणता गं?"

"मला काय ठाऊक? तू घडाघडा म्हणायचीस. का, काय झालंय?"

"काही नाही गं, सहज."

"सहज नाही. परवा उठायला वेळ लावलास तू. मी मोजत होते."

"मी तर लगेच उठले."

"अकरापर्यंत मोजलं," आई म्हणाली. "मग मला पुढचं मोजवेना."

भिंतीने फोन ठेवला. ती घाबरली होती. धावत्या माणसासमोर अकरा वर्षं उभं राहताना वाटली नाही एवढी भीती तिला त्या रिकाम्या बोळात वाटली. उद्याच्या सामन्यासाठी गप्प बसणं अगदी सोपं होतं. कागद तिच्याच बाजूने होता.

ती परत आत गेली. "बाई, हंगामाआधीचा कागद काढा. शब्द मी म्हणते, तुम्ही खुणा करा."

चमच्यापासून ढगापर्यंत तिने नऊ शब्द म्हटले. बाईंची पेन्सिल एकेका शब्दावर टेकत गेली आणि ढगावर थबकली.

"तेव्हा तर तुला सहाच आठवले होते."

"तेव्हा दहाही येत होते. हंगामभर येत होते."

"आणि आजचे सहा?"

"आजचे खरे."

बाईंचा चेहरा रागाने लाल झाला, पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी कागद आपल्याकडे ओढला.

"दहावा काय होता?" भिंतीने विचारलं.

"शिडी."

ती वाट पाहत राहिली. हजारदा म्हटलेला शब्द, आता जागेवर येऊन बसेल. बसला नाही. दुसऱ्याच कोणाच्या तरी यादीतला असावा, तसा तो परका राहिला.

बाईंनी फोन उचलला. "कोचना सांगते मी."

"त्यांना मी सांगते," भिंत म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. "तुम्ही बाकीच्या पोरींना बोलवा आणि सगळ्यांची चाचणी पहिल्यापासून घ्या. त्यातल्या सहाजणींना चुकायचं कसं ते मीच शिकवलंय."