शेळी परत फिरली तेव्हा

मी भित्री नाही. घरात साप निघाला तर काठी मी आणते, नवरा पलंगावर चढतो. पण त्या दुपारी परभणीच्या सभागृहात पडद्याच्या फटीतून बघितलं, तर पहिल्या रांगेत माझं सासर! मी फट झटकन मिटवली.

कार्यक्रम आमचाच होता. म्हणजे माझा आणि शेजारच्या कथक शिकलेल्या पोरीचा. एका बाईच्या आयुष्यावरच्या माझ्या कविता मी वाचायच्या आणि त्यावर तिनं नाचायचं. ती बाई कोण, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? ती माझी सासू. मी तिला मामी म्हणते. झरी गावात शेळ्या राखण्यात तिचा जन्म गेला. ती कधी कार्यक्रमाबिर्यक्रमाला यायची नाही, या भरवशावर मी खुशाल लिहून बसले होते. पण जावेनं मला चकित करायचं ठरवलं आणि मामीसकट जीपभर बाया आणल्या. मामीच्या शेजारी मामा, म्हणजे माझे सासरे, फेटा बांधून ताठ बसलेले.

भीती पाचव्या कवितेची होती. एकदा तूर निवडता निवडता मामी बोलून गेली होती. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरातल्या टोमण्यांना कंटाळून एका सकाळी ती माहेरची शेळी घेऊन येलदरीकडं, बापाच्या घरी निघाली. परत न येण्यासाठी. शेळीचं पिल्लू दाव्यालाच राहिलं. दुपारी ओढ्यापाशी शेळी अडली. सड तटतटलेले. मामीनं तिला वाळूवरच पिळून मोकळं केलं, तरी शेळी पुढं जाईना. पिल्लाच्या ओढीनं तिनं घराकडं तोंड फिरवलं, आणि तिच्या मागं मामीनं.

घरी सांगितलं, शेळी हरवली होती, हुडकायला गेले होते. मामांनी ते जन्मभर खरं मानलं.

"मेलीस तरी कुणाला सांगू नको," मामी मला म्हणाली होती. मी सांगितलं नाही. फक्त लिहिलं.

"पाचवी गाळू या," मी नाचणाऱ्या पोरीच्या कानात म्हटलं.

"ताई, संगीताचं रेकॉर्डिंग सलग आहे. मधे थांबत नाही ते."

पडदा सरकला. दुसऱ्या कवितेला बाया हसल्या, तिसरीला नाकं ओढली. चौथीला मामीनं पदर पुढं ओढला. तिनं स्वतःला ओळखलं होतं. पाचवी सुरू झाली तशी 'घर सोडून निघाले' हे गिळून मी ठोकून दिलं, 'शेळी हुडकाया निघाले'. इकडं पोरगी गाठोडं बांधायली, उंबऱ्याला शेवटचा हात लावायली. शेळी हुडकायला गाठोडं कोण नेतं? मी मामांकडं बघायचंच बंद केलं.

मग पोरगी ओढ्याकाठी पोचली आणि न दिसणाऱ्या शेळीच्या बाजूला बसून धार काढायला लागली.

"ए पोरी!"

मामी उभी राहिली होती. ती पायऱ्या चढून वर यायला लागली. आता माईक हिसकावते की माझ्या थोबाडीत देते, एवढाच प्रश्न होता. तिनं लुगडं वर खोचलं.

"म्हशीवानी बाजूला काय बसायलीस? शेळीच्या मागून बसायचं असतंय. अशी. अन् कास अगुदर कुरवाळायची."

सभागृह हसून लोळायला लागलं. मामी उकिडवी बसली, पोरीला शेजारी बसवलं आणि दोघींच्या बोटांनी रिकाम्या हवेत धार धरली. मग तिनं मान माझ्याकडं वळवली.

"अन् तू? खोटं काऊन वाचायलीस?"

"मामी, मामा बसलेत समोर."

"बसू दे की. लिवलंस तेच वाच."

मी वाचलं. आवाज माझा नव्हताच.

घर सोडलं, मी मागं बघितलं न्हाई,
शेळीनं बघितलं.
तिचं लेकरू दाव्याला होतं,
माझं अजून पोटात बी नव्हतं.

टाळ्या पडल्या. मामांचे हात मांडीवरच होते. परतीच्या वाटेवर ते ड्रायव्हरशेजारी बसले. झरीपर्यंत मी फक्त फेट्याची मागची बाजू बघत होते.

घरी मी चहा टाकला. साखर दोनदा पडली.

मामांनी बशी उचलली, परत ठेवली. "म्हंजे त्या दिशी शेळी हरवली नव्हती?"

"न्हाई," मामी म्हणाली. "मी चालले होते."

मी दाराची चौकट घट्ट धरली.

"अन् मी त्या मुक्या जितराबाला इळभर शिव्या घातल्या," मामा म्हणाले.

"ऐकल्या की समद्या. मला वाटलं, मलाच द्यायलेत."

"लय वाईट दिल्या गं."

मामा चहा तसाच ठेवून उठले आणि फेट्यासकट शेळ्यांच्या वाड्याकडं गेले. चारा बघून शेळ्या ओरडायला लागल्या. चारा घालायचं काम रोज मामीचं. आज ती जागची हलली नाही. त्यांचा उरलेला चहा तिनं आपल्या बशीत ओतून घेतला.

"साखर लय झाली," ती मला म्हणाली, आणि प्यायली.